रोज जवळ बाळगायला छोटं रिव्हॉल्व्हर: मुंबईत कुठलं घ्यावं?

केदार_मुलुंड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. खूप खेटे घातल्यावर शस्त्रपरवाना एकदाचा हातात आला. धंदा सोन्याचा. काळबादेवीत कारखाना, घर मुलुंडला, आणि तयार माल घेऊन उपनगरातल्या दुकानांत सारखं जाणं-येणं. बहुतेक गाडीनेच, ड्रायव्हर सोबत असतो. ओळखीतल्या एकाची गाडी अडवून लुटली, तेव्हापासून घरच्यांनी अर्जासाठी टुमणं लावलं होतं.

आता प्रश्न खरेदीचा. एक दुकानदार म्हणतो निर्भीक घ्या, वजनाला काहीच नाही. दुसरा म्हणतो प्रबल घ्या, नवीन आहे. तिसऱ्याने कपाटातून एक जुनं विलायती काढून दाखवलं आणि किंमत सांगितली, तेव्हा मी पाणी मागितलं.

माझी अंगकाठी बेताची. बाराही महिने हाफ शर्ट आणि साधी पँट. पिस्तूल नको हे ठरलंय, स्लाइड आणि सेफ्टीच्या भानगडी घाईत जमणार नाहीत. तर रोज कमरेला लावून विसरून जाता येईल असं छोटं रिव्हॉल्व्हर कुठलं? यूट्यूबवर शोधलं की सगळे अमेरिकन व्हिडिओ येतात, त्यातलं इथे मिळत काहीच नाही.

तात्या_ठाकुरद्वार

पहिला!
"लावून विसरून जाता येईल" हे वाचून मलाच घाम फुटला. जाणकार येतीलच, मी चहा टाकतो.

निवृत्त_फौजदार

केदारराव, अभिनंदन. दुकानात जायच्या आधी परवाना नीट वाचा. क्षेत्र काय लिहिलंय, मुंबई, महाराष्ट्र की अखिल भारत? खरेदीची मुदत कधी संपते? काडतुसं एका वेळी किती आणि वर्षाला किती? हे न वाचता पैसे भरून आलेले लोक नोकरीत पुष्कळ पाहिले. हत्यार घेतलं की ते आणि परवाना घेऊन पुन्हा क्रॉफर्ड मार्केटसमोर आयुक्तालयात जायचं, नंबर चढवून घ्यायचा.

अमेरिकन व्हिडिओंचं म्हणाल तर तिकडे झाकून बाळगावं की उघड, यावर तासन्‌तास चर्चा चालते. आपल्याकडे तो पर्यायच नाही. शस्त्र नियम २०१६ मधला नियम ३२ वाचा. सार्वजनिक जागी हँडगन न्यायची तर अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत, पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात असली पाहिजे. बँकेच्या रांगेत मूठ दिसेल असा शर्ट वर करून उभे राहणारे महाभाग असतात, ते नियम मोडत असतात. वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीत वेगळी शिक्षा आली, २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

बोअर (नळीच्या छिद्राचा व्यास) कुठला हा प्रश्नही आपोआप सुटतो. ९ मिमी सर्वसामान्यांना प्रतिबंधित. खासगी आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद, म्हणून तर त्या जुन्या विलायती वस्तूंना असला भाव. तो भाव नावाचा आणि टंचाईचा असतो, सुट्या भागांचं काय करणार हे त्या दुकानदाराला विचारून बघा. तेव्हा पॉइंट ३२ चं देशी रिव्हॉल्व्हर, इथपर्यंत तुम्ही आलेलेच आहात. त्यातलं कुठलं, ते रेंजवर रोज जाणाऱ्यांनी सांगावं.

वरळी_रेंजवाली

दोन्ही चालवली आहेत म्हणून लिहिते. प्रतिसाद मोठा होणार आहे.

निर्भीक जानेवारी २०१४ मध्ये आलं, कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीचं. टायटॅनियम मिश्रधातूची फ्रेम, वजन ५२५ ग्रॅम, सहा गोळ्या. तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. "महिलांसाठी" म्हणून मरून रंगाच्या दागिन्यांच्या पेटीत घालून विकायला काढलं. पेटीवर काय बोलायचं ते तेव्हाच बोलून झालंय. प्रबल ऑगस्ट २०२३ चं, ते एडब्ल्यूईआयएलचं, म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून ज्या सात कंपन्या झाल्या त्यातल्या एकीचं. वजन ७०० ग्रॅम, नळी ७६ मिमी, एकूण लांबी १७७.६ मिमी. याची चक्री, म्हणजे गोळ्या भरायचा फिरता भाग, बाजूला उघडते. त्याआधीची कानपूरची पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हरं जुन्या वेब्लीसारखी वरून मोडून उघडायची, नळी खाली झुकते आणि सगळी रिकामी काडतुसं एकदम वर येतात.

दुकानदार वजन विकतो, कारण वजन हातात घेतल्या घेतल्या कळतं. चाप कसा आहे ते कळायला वेळ लागतो. घोडा (काडतुसावर ठोका देणारा मागचा भाग) हाताने न ओढता सरळ चाप दाबून झाडायचं तर साधारण रिव्हॉल्व्हरला साडेचार-पाच किलोचा जोर लागतो, कधी जास्तच. आता वस्तू अर्ध्या किलोची आणि तिच्यावर एका बोटाने पाच किलोचा ओढा. ती जागची हलणारच. २०० ग्रॅम जास्त असले की ती तेवढी कमी हलते. धक्क्याचंही तेच, काडतूस एकच असताना हलकी वस्तू जास्त उसळते. पण पॉइंट ३२ लाँगचा, म्हणजे या दोन्हींत चालणाऱ्या काडतुसाचा, धक्का मुळातच सौम्य असतो. गोळी ९८ ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅमसुद्धा नाही, आणि वेग सेकंदाला दोनशे-सव्वादोनशे मीटर. त्यामुळे उसळीची भीती नको, खरी परीक्षा चापाची.

दुकानात असं करा. आधी विचारा. चक्री उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे स्वतः बघा, दुकानदारालाही दाखवा. तो सांगेल त्या सुरक्षित दिशेला, भिंतीवरच्या एखाद्या ठिपक्यावर पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा) धरा आणि चाप हळू, सलग, शेवटपर्यंत ओढा. डोळा ठिपक्यावर नको, माशीवर ठेवा. उजव्या हाताच्या माणसाची माशी बहुतेक वेळा शेवटच्या क्षणी डावीकडे खाली झटका खाते. ज्या रिव्हॉल्व्हरवर तो झटका कमीत कमी बसतो ते तुमच्या हाताचं. मूठ जाड असेल तर बोटाचं टोक चापापर्यंत पुरत नाही आणि मग सगळा पंजा आवळला जातो. तुमची अंगकाठी बेताची म्हणताय, म्हणजे हात लहान असणार, हे खास बघा.

घोडा मागे ओढून मारलं की चाप हलका लागतो आणि कागदावर गोळ्या सुरेख पडतात. रेंजवर सगळे तेच करतात आणि खूश होऊन घरी जातात. गाडी अडवलेली आहे, हात थरथरतोय, अशा वेळी घोडा चढवलेलं रिव्हॉल्व्हर हातात असणं म्हणजे नको तेव्हा गोळी सुटणं. सराव सरळ चापाचाच करा, ६-७ मीटरवरून. कंटाळवाणा असतो.

माझं मत: तुमच्या कामाला ५२५ पेक्षा ७०० ग्रॅम बरं. हे बहुतेकांना उलटं वाटतं.

कोकणी_हापूस

वाचनखूण साठवली. माशी शब्द बऱ्याच दिवसांनी वाचला, आमचे आजोबा ठासणीच्या बंदुकीला म्हणायचे.

तात्या_ठाकुरद्वार

प्रबलच्या जाहिरातीत ५० मीटर पल्ला लिहिलाय. काळबादेवीत ५० मीटरवर मला समोरचा माणूस दिसत नाही हो, मधे तीन हातगाड्या आणि एक टेम्पो असतो.

वरळी_रेंजवाली

@तात्या, तो आकडा विकायचा असतो. तीन इंची नळीवर ५० मीटरला कागदाला लावून दाखवणारी माणसं आमच्याकडे बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

ऑस्टिनकर

मूळ गाव डोंबिवली, सध्या टेक्सास. इथे १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने आडकाठी नसलेल्या माणसाला हँडगन बाळगायला परवानाच लागत नाही. त्यामुळे इथला अनुभव तुमच्या कामाचा कितपत, ते तुम्हीच ठरवा.

व्हिडिओत दिसतात ती बहुतेक स्मिथ अँड वेसनच्या जे फ्रेमची, म्हणजे त्यांच्या छोट्या सांगाड्याची, भावंडं. १९५० च्या चीफ्स स्पेशलपासून ही ओळ चालू आहे, पॉइंट ३८ स्पेशल, पाच गोळ्या. त्याही आधी १९२७ मध्ये कोल्टने डिटेक्टिव्ह स्पेशल काढलं, दोन इंची नळी आणि तरी सहा गोळ्या. आता लोक त्यातलं ६४२ नावाचं मॉडेल घेतात, म्हणजे अॅल्युमिनियमच्या फ्रेमचं, घोडा आत झाकलेला, खिशातून काढताना कापडात अडकत नाही. वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. किंवा रुगरचं एलसीआर, २००९ मध्ये आलं, त्याहून हलकं.

माझ्याकडे यातलंच एक आहे. खिशात ठेवायला सोन्यासारखं, चालवायला नकोसं. पूर्ण ताकदीची पॉइंट ३८ मारली की अंगठ्याच्या बेचक्यात अशी सणक जाते की एक बॉक्स संपवायची इच्छा राहत नाही. मग माणूस सराव टाळतो. वरळीवाल्या ताईंचं म्हणणं इथेही तंतोतंत लागू आहे.

आणि गंमत बघा. जानेवारी २०२४ मध्ये स्मिथ अँड वेसनने लिप्सीज या वितरकासाठी जे फ्रेमचीच खास आवृत्ती काढली, त्यात एक पॉइंट ३२ ची आहे. धक्का कमी, आणि त्याच आकारात पाचाऐवजी सहा गोळ्या बसतात. ती ३२ एच अँड आर मॅग्नम या जास्त जोराच्या काडतुसाची, पण तुमचं ३२ लाँगही तिच्यात चालतं. तुम्ही ज्या बोअरला नाक मुरडताय त्यासाठी इथे लोक जादा पैसे मोजतायत.

केदार_मुलुंड

@ऑस्टिनकर, नाक नाही मुरडलं हो, पर्यायच नाही तर मुरडून सांगू कुणाला!
@वरळी_रेंजवाली, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. उद्याच जाऊन माशी बघतो.

दुर्गा_गिरगाव

रंगाचा बेरंग करते, पण विचारतेच. ड्रायव्हर सोबत आहे, माल विमा काढलेला असणार, रस्ते गजबजलेले. दोघं-तिघं मोटरसायकलवरून येऊन काच फोडतात तेव्हा सीटबेल्ट लावलेल्या माणसाला शर्टाखालून काही काढायला वेळ मिळतो का? की तेही हत्यार त्यांच्याच हाती जातं?

आणि घरात काय? ऑक्टोबर २०२४ मध्ये जुहूला गोविंदाच्या पायात त्याच्याच परवाना असलेल्या रिव्हॉल्व्हरची गोळी गेली. पहाटे निघायच्या गडबडीत कपाटात ठेवताना. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला माजी नगरसेवकाचा खून झाला, त्यात वापरलेलं पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचं, परवाना असलेलं. तुमच्या घरी मुलं आहेत का, केदार?

केदार_मुलुंड

आहे, मुलगा पंधरा वर्षांचा. ताई, तुमचा प्रश्न आमच्या घरीही झालाय, बायकोने अगदी याच शब्दांत विचारला. घरात तिजोरी आहे, सोन्याच्या धंद्यात ती असतेच. चावी माझ्याकडे. काच फोडण्याचं म्हणाल तर त्याला उत्तर नाही माझ्याकडे. पण कारखाना बंद करून रात्री गल्लीतून गाडीपर्यंत चालत जावं लागतं, तेव्हा मनात जे येतं ते विम्याने जात नाही.

निवृत्त_फौजदार

दुर्गाताईंचं बरोबर आहे. सीटबेल्ट लावून उजव्या कमरेचं रिव्हॉल्व्हर काढणं फार अवघड, रिकाम्या हत्याराने गॅरेजमध्ये गाडी बंद ठेवून करून बघा म्हणजे कळेल. लुटारू अगदी अंगावर आलेला असेल तर पिशवी द्यावी, हे मी नोकरीतही सांगत आलो.

दहिसरच्या प्रकरणातून परवानाधारकाने एक गोष्ट घ्यावी. हत्यार परवानाधारकाच्याच ताब्यात हवं. ड्रायव्हरला "जरा धर" म्हणून द्यायचं नाही, दुकानाच्या गल्ल्यात ठेवून जेवायला जायचं नाही. बायकोच्या पर्समध्येसुद्धा नाही.

हत्यारघर

आमचं घरचं काम दुरुस्तीचं, वडिलांपासून. दोन-तीन गोष्टी लिहितो.

पडून गोळी सुटण्याबद्दल. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याची नोक थेट काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, बार पेटवणाऱ्या टोपीवर टेकते, वरून ठोका बसला की बार. नवीन घडणीत घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर असतो आणि चाप पूर्ण ओढल्याशिवाय तो हटत नाही. तुम्ही घेताय त्यात तो आहे का, हे दुकानदाराकडून चक्री उघडून, प्रत्यक्ष दाखवून घ्या. "असतो हो सगळ्यात" हे उत्तर चालणार नाही. जुनं घेणार असाल आणि शंका असेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं, सहाच्या जागी पाचच भरायच्या. आमचे वडील गिऱ्हाइकाकडून हे वदवून घ्यायचे.

नग तपासताना, कुठल्याही कारखान्याचा असो, रिकामं करून चाप शेवटपर्यंत ओढून तसाच धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने चक्री हलवून बघा. त्या क्षणी ती घट्ट पाहिजे. डुगडुगली तर घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत, आणि गोळी नळीच्या काठाला शिसं खरवडत आत जाते. मागेपुढे हलते का तेही बघा. वरून मोडणारं असेल तर मूठ घट्ट धरून नळी वरखाली हलवा, कुलुपाशी कट्‌कट् आवाज आला की ठेवून द्या. हे कुलूप झिजतं, विशेषतः सिनेमात बघून एका हाताने फटकन मिटणाऱ्यांचं. बाजूला उघडणाऱ्या चक्रीलाही तो फटका मारू नका, तिचा दांडा वाकतो.

आता मुंबईची हवा. माझ्याकडे येणारी निम्मी कामं गंजाची असतात. कमरेचा घाम मिठाचा, वर चार महिने पाऊस. सगळ्यात आधी गंज कुठे येतो? पोटाच्या बाजूच्या पृष्ठभागावर आणि मुठीच्या लाकडाखाली, जिथे कुणी बघत नाही. रात्री होल्स्टरमधून काढायचं, सुक्या कापडाने पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा, तेल टिपून घ्यायचं. ओघळ ठेवायचा नाही, तेल काडतुसाच्या टोपीत मुरलं की बार फुसका. चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून तिजोरीत ठेवणारे सर्वांत जास्त रडतात. कमावलेल्या चामड्यात आम्ल आणि ओल दोन्ही असतात. काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात ठेवली की पितळेवर हिरवट, मेणासारखा थर येतो. तो येतो तिथेच काडतूस घरात अडकतं. तिजोरीत सिलिकाच्या पुड्या टाका आणि त्या बदला.

काडतुसं घेताना "३२ लाँग, रिव्हॉल्व्हरची" असं स्पष्ट सांगा. ७.६५ ची वेगळी, ती पिस्तुलाची, तिलाही बाजारात ३२ च म्हणतात. केएफ असा छाप दिसला की आपल्या खडकीच्या कारखान्याची.

केदार_मुलुंड

@हत्यारघर, मुठीखाली गंज हे मला स्वप्नातही सुचलं नसतं. होल्स्टर चामड्याचं नको मग?

हत्यारघर

दिवसा वापरायला चांगलं जाड चामडं उत्तमच, रात्री रिकामं टांगून ठेवा. कापडी, इलास्टिकचं घेऊ नका. हत्यार काढलं की ते मिटतं, मग परत ठेवताना माणूस नळीने तोंड शोधत बसतो, तेही स्वतःच्या पोटाकडे. चाप पूर्ण झाकला गेला पाहिजे, यात तडजोड नाही. आणि पट्टा! लोक लाखभराच्या हत्याराला शंभर रुपयांचा पट्टा लावतात. ७०० ग्रॅम आणि वर काडतुसांचे पन्नास-साठ, पातळ पट्टा एका बाजूला झुकतो आणि हाफ शर्टाखालून सगळ्या जगाला कळतं. दीड इंची, दुहेरी, ताठ पट्टा घ्या. शर्ट एक माप मोठा, गडद किंवा चौकडीचा. पांढरा टेरिकॉट भिजला की झाकलेलं काही राहत नाही.

पँटच्या खिशात ठेवायचं तर खिशाच्या होल्स्टरमध्येच, आणि त्या खिशात दुसरं काही नाही. किल्ल्या नाहीत, सुटे नाहीत.

अॅड_शिवडी

उशिरा आलो. निवडीबद्दल मला अक्कल नाही, पण केदार, ज्यासाठी घेताय त्याबद्दल चार ओळी वाचा.

खासगी बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, १ जुलै २०२४ पूर्वी तो दंडसंहितेच्या ९६ ते १०६ मध्ये होता. शरीराच्या बचावासाठी जीव घेण्यापर्यंत हक्क कधी जातो, ते कलम ३८. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल तेव्हा, शिवाय बलात्कार, अपहरण, अॅसिडहल्ला वगैरे. मालमत्तेसाठी कलम ४१, त्यात जबरी चोरी आहे, रात्रीची घरफोडी आहे. साधी चोरी तेव्हाच, जेव्हा हक्क न वापरल्यास मृत्यू किंवा गंभीर दुखापत होईल अशी वाजवी भीती असते. आणि सगळ्यावर कलम ३७ चा लगाम: पोलिसांकडे जायला वेळ होता तर हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही.

सोन्याच्या व्यापाऱ्याच्या बाबतीत हे कुठे अडतं सांगतो. सुरा गळ्याला लावून पिशवी मागितली, ही एक गोष्ट. पिशवी हिसकावून पोरगा पळत सुटला आणि तुम्ही मागून गोळी घातली, ही अगदी वेगळी गोष्ट. जखम पाठीत आहे हे शवविच्छेदनात पहिल्या पानावर येतं, आणि मग वाजवी भीती कुठली होती हे न्यायालयाला पटवत बसावं लागतं. ५० मीटर पल्ल्याचा विनोद वर झालाय, माझ्या दृष्टीने तो विनोद नाही. ५० मीटरवरच्या माणसाला मारून बचाव सांगणारा अशील मला नको. शिवाय भुलेश्वर-काळबादेवीत चुकलेली गोळी कुणाला तरी लागतेच.

शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो, हेही ध्यानात असू द्या. रस्त्यावरच्या भांडणात नुसतं दाखवलं तरी पुरतं.

दुर्गा_गिरगाव

हे सगळं परवाना देतानाच का वाचून दाखवत नाहीत?

निवृत्त_फौजदार

प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं ताई, तिथे सांगतात. ऐकणारा किती ऐकतो ते सोडा.

पार्लेकर_७१

जरा वेगळा प्रश्न. मॉल, मेट्रो, कोर्ट, मंत्रालय, सिद्धिविनायक, यातलं कुठेही हत्यार घेऊन आत सोडत नाहीत. मग रोज बाळगणारा माणूस त्या वेळात हत्यार ठेवतो कुठे? गाडीत?

वरळी_रेंजवाली

गाडीच्या डॅशबोर्डात ठेवू नये. अजिबात. गाड्या फुटतात, टो होतात, ड्रायव्हरकडे चावी असते, आणि हत्यार तुमच्या ताब्यात राहत नाही. मी रेंजहून निघाले की सरळ घरी. मधे सिनेमा नाही, भाजी नाही. केदार यांनीही मालाच्या फेरीपुरतंच घ्यावं, फेरी संपली की तिजोरी. "रोज" हा शब्द मुंबईत तेवढ्यावरच येतो.

तात्या_ठाकुरद्वार

म्हणजे सव्वाशे प्रतिसादांच्या तयारीने आलेला धागा "फेरीपुरतं" वर मिटला. चहा गार झाला.

केदार_मुलुंड

अपडेट देतो. दुकानात जाऊन सगळं करून बघितलं. निर्भीक हातात घेताना छानच वाटतं, पण माशी माझ्याकडून दर वेळी डावीकडे जात होती. मग एका परिचित सभासदांसोबत रेंजवर गेलो, त्यांनी बाजूला उभं राहून त्यांचं प्रबल चालवून घेतलं. सरळ चापाने पहिल्या गोळ्या कागदाच्या बाहेर, नंतर कागदावर आल्या, एकत्र मात्र आल्या नाहीत. चाप जड आहे पण मधे अडखळत नाही, आणि माझं बोट पुरतं. वजन मला पट्टा बदलल्यावर जाणवलंच नाही. तेव्हा प्रबल. दुकानदाराकडे नग यायला वेळ आहे, तोवर कारखान्यात रिकाम्या होल्स्टरमध्ये तेवढ्याच वजनाचा पितळी तुकडा घालून वावरतोय. कारागीर हसतात. जिना चढताना पट्टा कुठे काचतो ते मात्र कळलं, होल्स्टर बोटभर मागे सरकवलं.

गाडीचं फौजदारसाहेबांनी सांगितलं तसं करून बघितलं. सीटबेल्ट लावून हात पोहोचत नाही. बायकोला सांगितलं, ती म्हणाली मग गाडीत असताना कुणी अडवलं तर पिशवी द्यायची. ठरलं.

एकच राहिलं. निवडणुका लागल्या की हत्यार जमा करावं लागतं म्हणतात. नेमके तेच दिवस लग्नसराईचे आले तर?

निवृत्त_फौजदार

सरसकट सगळ्यांना नाही. छाननी समिती असते, ती परवानाधारकांची यादी बघून कुणाकडून जमा करून घ्यायचं ते ठरवते. नोटीस आली आणि खरंच गरज असेल तर मालाच्या फेऱ्यांचा पुरावा जोडून लेखी अर्ज द्या, तोंडी विनंतीवर काही होत नाही. जमा करायला सांगितलंच तर ठाण्यात जाण्यापूर्वी चारी बाजूंनी फोटो काढा, तेलाचा हात जरा सढळ द्या, काडतुसं मोजून वेगळी लिहून घ्या आणि पावतीवर नंबर स्वतः पडताळा. निकालानंतर पहिल्याच आठवड्यात जाऊन सोडवा. बरेच लोक महिनोन्‌महिने जात नाहीत आणि मग हत्यारघरांकडे गंज घेऊन येतात.

हत्यारघर

येतात खरे.